सतराव्या वर्षी झोप उशिरा का येते? उजेडाचा आणि शरीरातल्या घड्याळाचा हिशेब

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने आदेश काढला की पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत. त्याआधी डिसेंबर 2023 मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नसल्याचं सांगून शाळांच्या वेळांचा विचार करायला सुचवलं होतं. आदेशावर बरीच चर्चा झाली. स्कूलबसचं काय, नोकरीवर जाणाऱ्या आईवडिलांचं काय, दोन सत्रांत चालणाऱ्या इमारतींचं काय. पण 15 ते 19 या वयाच्या मुलामुलींना त्या आदेशातून काहीच मिळालं नाही.

शरीरशास्त्राच्या बाजूने पाहिलं तर सर्वांत आधी विचार व्हायला हवा होता तो याच वयाचा. सहा-सात वर्षांचं मूल रात्री 9 ला पेंगतं आणि सकाळी बरेचदा हाक न मारता उठतं. सकाळच्या 7 च्या तासाचा खरा जाच होतो तो अकरावी-बारावीला. आपल्याकडे कितीतरी ज्युनिअर कॉलेजं सकाळी 7 च्या सुमाराला भरतात, आणि नीट, जेईई, सीईटीचे क्लास रात्री 9 च्या पुढे सुटतात. मधल्या वेळात जेवण, अभ्यास आणि झोप बसवायची. ती बसत नाही, आणि मग घरात रात्री "अजून जागाच आहेस?" आणि सकाळी "किती वेळा हाक मारायची?" हे रोजचंच होऊन बसतं. आळस, बेशिस्त, मोबाइल ही कारणं पुढे येतात. त्यांतल्या मोबाइलमध्ये थोडं तथ्य आहे. मोठं कारण मात्र मुलाच्या मेंदूत आणि त्याच्या डोळ्यांवर कधी किती उजेड पडतो यात आहे.

## शरीरातलं घड्याळ म्हणजे काय?

1729 मध्ये द मेराँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूच्या जातीचं एक रोप अंधारात ठेवलं. ऊन दिसत नसतानाही त्याची पानं दिवसा उघडत राहिली आणि रात्री मिटत राहिली. म्हणजे वेळेचं भान रोपाच्या आतच होतं. पुढे फळमाश्यांवर काम करून हे भान पेशींमधली जनुकं कसं राखतात ते जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांनी उलगडलं. त्यासाठी त्यांना 2017 चं वैद्यकाचं नोबेल मिळालं.

माणसात असं घड्याळ जवळपास प्रत्येक अवयवात आहे. त्या सगळ्यांना वेळ सांगणारं मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी असतं. दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या लगेच वर सुमारे 20,000 पेशींचा एक पुंजका आहे. झोप कधी यावी, शरीराचं तापमान कधी उतरावं, पहाटे कॉर्टिसोल हे संप्रेरक कधी चढावं, हे तिथून ठरतं. यालाच जैविक घड्याळ म्हणतात.

हे घड्याळ बरोबर 24 तासांचं नाही, हे नीट लक्षात ठेवायला हवं. बहुतेक माणसांत त्याची एक फेरी 24 तासांहून सरासरी दहा-बारा मिनिटांनी जास्त असते. म्हणजे कोणी लावून दिलं नाही, तर ते रोज थोडं मागे पडत जातं. त्याला रोज जागेवर आणणारी गोष्ट म्हणजे उजेड.

## डोळ्यांचं दुसरं काम

डोळे पाहण्यासाठी असतात एवढंच आपण शाळेत शिकलो. 2002 च्या आसपास स्पष्ट झालं की डोळ्याच्या पडद्यात काही वेगळ्या पेशी आहेत, ज्या चित्र दाखवण्यापेक्षा बाहेर उजेड किती आहे एवढंच मोजतात आणि मुख्य घड्याळाला कळवतात. निळसर उजेडाला त्या सर्वांत जास्त दाद देतात. भर दिवसाच्या आकाशात तो भरपूर असतो. ज्यांच्या डोळ्यांना उजेड अजिबात कळत नाही अशा अनेक दृष्टिहीन माणसांची झोप दर दिवशी थोडी पुढे सरकत जाते. घड्याळ लावणारं कोणी नसलं की काय होतं, ते त्यांच्यात दिसतं.

मुख्य घड्याळ रात्र झाल्याचा निरोप मेलॅटोनिन या संप्रेरकामार्फत पाठवतं. नेहमीच्या झोपेच्या वेळेआधी साधारण दोन तास ते रक्तात वाढू लागतं. त्या वेळी डोळ्यांवर उजेड पडला तर ते दबतं. मेलॅटोनिन म्हणजे झोपेचं औषध नव्हे. शरीरात रात्र सुरू झाल्याची ती खूण आहे. डॉक्टरांना न विचारता मुलाला मेलॅटोनिनच्या गोळ्या देऊ नयेत असं मी म्हणते, ते यामुळेच. चुकीच्या वेळी घेतली तर गोळीही घड्याळ चुकीच्या बाजूला सरकवू शकते.

उजेड मोजायचं एकक आहे लक्स. ट्यूबलाइट लावलेल्या घरच्या खोलीत 100 ते 300 लक्स असतात. वर्गात थोडे अधिक. उघड्यावर मात्र ढगाळ दिवशीही काही हजार लक्स असतात, आणि भर उन्हात आकडा लाखापर्यंत जातो. खोलीतला आणि अंगणातला उजेड आपल्याला फार वेगळा वाटत नाही, कारण डोळे जुळवून घेतात. घड्याळ लावणाऱ्या पेशींना मात्र हा फरक प्रचंड असतो.

## सतराव्या वर्षी काय बदलतं

वयात येताना हे घड्याळ उशिराकडे सरकतं. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या मेरी कार्स्केडन यांनी 1993 मध्ये दाखवलं की या उशिराचा संबंध मुलाचं शरीर वयात येण्याच्या कुठल्या टप्प्यावर आहे याच्याशी आहे. तेव्हा स्मार्टफोन नव्हता. उंदरांसारख्या इतर सस्तन प्राण्यांतही त्या वयात असा उशीर आढळतो, आणि उंदरांना क्लासही नसतात.

जर्मनीतल्या टिल रोनेबर्ग यांच्या गटाने 2004 मध्ये हजारो लोकांच्या झोपेच्या वेळा पाहिल्या. वय वाढेल तशी सुट्टीच्या दिवसाची झोप पुढे पुढे जाते, विशीच्या आसपास सर्वांत उशिरा पोचते, आणि मग मागे वळते. मुलींमध्ये हे वळण मुलांपेक्षा थोडं लवकर येतं.

दुसराही एक बदल होतो. जागं राहू तसा झोपेचा दाब मेंदूत साठत जातो. लहान मुलात तो भरभर साठतो, म्हणून ते संध्याकाळीच गळून जातं. वयात आलेल्या मुलात तो सावकाश साठतो. रात्री 11 ला वडील जांभया देत असतात आणि शेजारी बसलेला मुलगा ताजातवाना असतो, त्यात सोंग काही नाही.

झोपेची गरज मात्र कमी झालेली नसते. 13 ते 18 वयासाठी रोज 8 ते 10 तास, असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांची संघटना सांगते. रात्री 12 ला झोपून पावणेसहाला उठणाऱ्या मुलीला मिळतात पावणेसहा तास. अगदी 8 तासांची गरज धरली तरी रोज सव्वादोन तास कमी. कॉलेज आठवड्याचे सहा दिवस असेल तर शनिवारपर्यंत साडेतेरा तासांची उधारी होते. शिवाय ही झोप पहाटेकडून कापली जाते. स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते, आणि मनाचा तोल राखण्यात व शिकलेलं पक्कं होण्यात तिचा वाटा आहे असं मानलं जातं. परीक्षेच्या वर्षात नेमकी तीच आपण कापतो.

"आमच्या वेळी आम्ही पहाटे उठायचोच की," असं आजोबा म्हणतात, आणि ते खोटं नसतं. ज्या घरात संध्याकाळी 7 नंतर कंदील किंवा एखादा मंद पिवळा दिवा असायचा आणि दिवस शेतात किंवा अंगणात जायचा, तिथे वयाने येणारा उशीर उजेडाने आवरला जायचा. आता दिवसा वर्गातला अपुरा उजेड आणि रात्री पांढरी ट्यूब, असं झालं आहे. 2013 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाच्या केनेथ राइट यांनी आठ प्रौढांना आठवडाभर डोंगरात तंबूत ठेवलं. ऊन आणि शेकोटी याखेरीज कुठलाच उजेड नाही. त्यांचं मेलॅटोनिन आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर वाढू लागलं.

## पहाटेचा दिवा उलटा का पडू शकतो

उजेडाने घड्याळ सरकतं, पण कुठल्या बाजूला सरकतं हे उजेडाच्या वेळेवर ठरतं. झोपाळ्यासारखं आहे हे. झोका मागे येऊन वळताना हात लावला तर तो पुढे जातो, मागे येत असतानाच मध्ये ढकलला तर अडतो. हात तोच, जोर तोच.

रात्री शरीराचं तापमान सर्वांत खाली जातं तो क्षण हा इथला वळणबिंदू. आपोआप जाग येण्याच्या साधारण दोन-तीन तास आधी तो येतो. त्याच्या आधीच्या तासांत पडलेला उजेड घड्याळाला उशिराकडे नेतो, आणि त्याच्या नंतरच्या तासांत पडलेला लवकरकडे आणतो.

आता एक मुलगा घ्या, जो सुट्टीत दीडला झोपतो आणि साडेनऊला स्वतःहून उठतो. त्याचा वळणबिंदू साधारण सकाळी 7 च्या आसपास आहे. बारावी आहे म्हणून घरच्यांनी त्याला पहिल्याच दिवशी 4 ला उठवलं आणि लख्ख ट्यूबखाली पुस्तक घेऊन बसवलं. भिंतीवरच्या घड्याळात पहाट आहे, पण त्याच्या मेंदूत अजून मध्यरात्र आहे. तो उजेड त्याच्या घड्याळाला संध्याकाळचा वाटतो, आणि ते आणखी उशिराकडे सरकतं. रात्री झोप येत नाही. घरचे म्हणतात, पहाटे उठूनसुद्धा हा रात्री जागाच!

पहाटेचा अभ्यास वाईट असं मी अजिबात म्हणत नाही. ज्यांचं घड्याळ आधीच लवकर लागलेलं आहे, जे रात्री साडेनऊला गाढ झोपतात, त्यांच्यासाठी ती उत्तम वेळ आहे. पण ब्राह्ममुहूर्त एका दिवसात लादता येत नाही. तिथवर टप्प्याटप्प्याने जावं लागतं. तसंही बारावी बोर्डाचा सकाळचा पेपर 11 ला असतो आणि नीट दुपारी 2 ला. मेंदू सर्वांत तल्लख हवा तो त्या वेळी.

## "मोबाइल काढून घेतला की झालं ना?"

पूर्णपणे नाही. बॉस्टनमधल्या संशोधकांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, झोपण्याआधी चार तास पूर्ण उजेडाच्या टॅबलेटवर वाचणाऱ्यांचं मेलॅटोनिन दबलं आणि दीड तास पुढे गेलं. ही बातमी जगभर गाजली. पण त्याच प्रयोगात त्यांना झोप लागायला छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा सरासरी दहाच मिनिटं जास्त लागली, हे मागे राहिलं. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात 2016 मध्ये आणखी महत्त्वाची गोष्ट दिसली. दिवसभर साडेसहा तास भरपूर उजेडात घालवल्यावर संध्याकाळी दोन तास टॅबलेट वाचला, तर झोपेवर फारसा फरक पडत नाही. दिवस अंधारात गेला असेल तर रात्रीचा थोडा उजेडही जड जातो, असा माझ्या मते याचा अर्थ आहे.

मोबाइलचा पडदा डोळ्यांपर्यंत बहुधा पन्नासहून कमी लक्स पोचवतो. डोक्यावरची ट्यूब त्याच्या कितीतरी पट. हार्वर्डच्या जोशुआ गूली यांनी 2011 मध्ये शंभरहून अधिक लोकांवर तपासलं, तेव्हा 200 लक्सहून कमी, म्हणजे आपल्या घरातल्या इतक्याच उजेडाने मेलॅटोनिनचा काळ सुमारे दीड तासाने आखडलेला आढळला. आपण मोबाइलवरून भांडतो आणि वर 6500 केल्विनचा पांढराफटक एलईडी तसाच चालू ठेवतो. रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या अभ्यासिकांत तर छतभर असेच दिवे असतात.

म्हणून मोबाइलला माफी आहे असं नाही. त्याचा मोठा त्रास उजेडापेक्षा आतल्या मजकुराचा आहे. एक रील संपली की दुसरी, ग्रुपवर चाललेलं भांडण, कोणाचा तरी न आलेला रिप्लाय. मन जागं राहतं आणि झोपायची वेळ टळते. नाइट मोड लावून पडदा पिवळा केल्याने हे काही थांबत नाही.

सगळ्यांचे डोळे सारखेही नसतात. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाने 2019 मध्ये दाखवलं की संध्याकाळच्या उजेडाला माणसामाणसांत पन्नास पटींहून जास्त फरकाने प्रतिसाद मिळतो. त्यामुळे एकाच खोलीतल्या दोन भावांपैकी एकाला दिव्याने काही होत नाही आणि दुसरा तासभर तळमळतो, हे शक्य आहे. "दादाला कसं जमतं मग?" हा प्रश्न त्याला विचारू नये.

## "रविवारी भरून काढतो ना तो"

थोडी उधारी फिटते. पण पडदे ओढून दुपारी 12 पर्यंत झोपलं की सकाळचा, घड्याळ लवकरकडे आणणारा उजेड पूर्ण चुकतो. घड्याळ पुन्हा मागे पडतं आणि सोमवारची सकाळ सर्वांत जड जाते. रविवारी एक-दीड तास जास्त झोपू द्यावं, आणि पडदा उघडा ठेवावा.

## "कॉलेज उशिरा भरवलं तर आणखी उशिरा झोपतील"

ही शंका सगळ्यांना येते आणि ती योग्य आहे. अमेरिकेतल्या सिॲटल शहराने 2016 मध्ये हायस्कूलची वेळ 7.50 वरून 8.45 केली. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी मुलांच्या मनगटावर हालचाल आणि उजेड नोंदणारी उपकरणं बांधून बदलाच्या आधी आणि नंतर मोजलं. मुलांची झोप 34 मिनिटांनी वाढली. मिळालेल्या 55 मिनिटांतला बराचसा वेळ मुलांनी खरंच झोपेत घालवला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्येच मोठ्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी नको असं सांगितलं होतं. कॅलिफोर्नियात 2022 पासून हायस्कूलसाठी तो कायदा आहे.

महाराष्ट्रात, त्यातही कोकणात, आणि शेजारच्या गोव्यातही या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशावरून ठरते. मुंबईचा सूर्य त्याच्या सरासरी 39 मिनिटं मागे आहे. म्हणूनच मुंबईने आपली वेगळी 'बॉम्बे टाइम' 1955 पर्यंत धरून ठेवली होती. घड्याळात सकाळचे 7 वाजतात तेव्हा मुंबईच्या सूर्याच्या हिशेबाने 6 वाजून 21 मिनिटं झालेली असतात. जानेवारीच्या मध्यात मुंबईत सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमाराला. 7 चा तास गाठायला विरार किंवा डोंबिवलीहून निघणारी मुलगी घर सोडते तेव्हा काळोख असतो, पहिला तास ट्यूबलाइटखाली जातो, आणि खरा उजेड तिला मधल्या सुट्टीत भेटतो, तोही मैदानात गेली तर. नागपुरात तेव्हा सूर्य साधारण वीस मिनिटं आधी वर आलेला असतो. सगळ्या राज्याला एकच वेळ लावताना हे कोणी विचारात घेत असेल असं वाटत नाही.

## घरात काय करता येईल

सर्वांत मोठा फायदा सकाळच्या उघड्यावरच्या उजेडाचा आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत. उठल्यावर अर्धा तास गच्चीवर, गॅलरीत किंवा रस्त्यावर. चहा तिथे घ्या, पाठांतर तिथे करा, कॉलेजला जाताना एक स्टॉप आधी उतरून चाला. सूर्याकडे बघायचं नाही, उजेडात असणं पुरेसं आहे. पावसाळ्यातल्या ढगाळ सकाळीही बाहेर खोलीच्या कितीतरी पट उजेड असतो.

घड्याळ फारच उशिरा गेलं असेल, उदाहरणार्थ दहावीनंतरच्या सुट्टीत, तर आपोआप जाग येण्याच्या वेळेपासून सुरुवात करावी. साडेनऊला उठणाऱ्याने आधी नऊला उठून बाहेर जावं. दोन-तीन दिवसांनी साडेआठ, मग आठ. कॉलेज सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी हे हाती घेतलं तर जमतं.

संध्याकाळी क्लास सुटून मुलगी साडेनऊला घरी येते. तेव्हापासून झोपेपर्यंत मोठी ट्यूब बंद आणि टेबलावर पिवळ्या उजेडाचा, 2700 केल्विनचा छोटा दिवा, पुस्तकावर पडेल आणि डोळ्यांत जाणार नाही असा. डोळे बिघडतील ही भीती नको, पान स्वच्छ दिसेल एवढा उजेड पुरतो. एका खोलीच्या घरात सगळ्यांसाठी ट्यूब लागते हे मला माहीत आहे. तिथे निदान शेवटचा एक तास दिवा बदलता आला तरी करावा. दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी, आणि मोबाइल चार्जिंगला दुसरीकडे लावावा.

हे सगळं महिनाभर नेटाने करूनही दोन-तीनच्या आधी झोप येत नसेल, कॉलेज बुडत असेल, मन उदास राहत असेल, तर ओरडून उपयोग नाही. झोप उशिरा सरकण्याचा एक आजारच असतो आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांच्या झोपण्या-उठण्याच्या वेळा लिहून न्याव्यात, सुट्टीच्या दिवसांसकट.

## आणि कॉलेजात?

एकच इमारत सकाळी ज्युनिअर कॉलेजला आणि दुपारी इतर वर्गांना वापरली जाते, त्यामुळे वेळ बदलता येत नाही, असं सांगितलं जातं. अडचण खरी आहे. पण सकाळचं सत्र कोणाला आणि दुपारचं कोणाला, हे आपणच ठरवलेलं आहे. पाचवी-सहावीतल्या मुलांना सकाळ तुलनेने सोपी जाते, अकरावी-बारावीला दुपार. ही अदलाबदल नव्या इमारतीशिवाय होऊ शकते. तीही शक्य नसेल तर पहिल्या तासाला गणित किंवा भौतिकशास्त्र ठेवू नये. शारीरिक शिक्षणाचा तास कागदावर असतोच. तो मैदानात, सूर्य उगवल्यावर खरोखर घ्यावा. पालकसभेत फी आणि टक्क्यांबरोबर वेळापत्रकाचा हा प्रश्नही विचारावा. लेखी विचारावा, म्हणजे उत्तरही लेखी मागता येईल.